बॉनेट उघडले तो दिवस

१९९७ साली २३ डिसेंबरला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलसला खेटून असलेल्या मेस्किट गावच्या ‘इड सॉफ्टवेअर’ या कंपनीने आपल्या सर्वांत गाजलेल्या गेमचे बॉनेट उघडून दिले. गेमचे नाव ‘डूम’. ज्या कोडच्या जोरावर कंपनी मोठी झाली आणि जो तिने दुसऱ्या कंपन्यांना पैसे घेऊन वापरायला दिला होता, तो सी भाषेतला कोड कुणीही उतरवून घ्यावा, वाचावा, सोलून पाहावा म्हणून खुला केला. ‘डूम’चा वाढदिवस १० डिसेंबरचा. १९९३ साली त्या दिवशी तो बाहेर पडला आणि चाहते दरवर्षी तोच दिवस साजरा करतात. आमच्या लेखी मोठा दिवस २३ डिसेंबरचा. त्या काळातले शेकडो गेम आज फक्त जुन्या मासिकांच्या पानांत उरले आहेत. ‘डूम’ मात्र अजून चालतो, वाढतो, त्याचे नवे नकाशे दर महिन्याला निघतात. याचे कारण १० तारखेत नाही, २३ तारखेत आहे.

‘गेम इंजिन’ हा शब्द अभियांत्रिकीच्या मुलांच्या तोंडी सहज असतो, घरातल्या मोठ्यांना मात्र तो कोड्यात टाकतो. नाट्यगृह आणि नाटक यांचा संबंध डोळ्यांपुढे आणावा. रंगमंच, दिवे, पडदे ओढायच्या दोऱ्या, ध्वनियंत्रणा हे सगळे नाट्यगृहाचे. दौऱ्यावरची कंपनी आपले नेपथ्य आणि कपडेपट टेम्पोत घालून येते, प्रयोग करते आणि रात्रीच पुढच्या गावाला निघते. नाट्यगृह जागेवर राहते आणि दुसऱ्या दिवशी तिथे दुसरे नाटक लागते. भिंत पडद्यावर कशी काढायची, खेळाडूने पाऊल टाकले की दृश्य कसे सरकवायचे, गोळी लागली की हुकली हे कसे ठरवायचे, दोन संगणकांवरच्या दोघांना एकाच खोलीत कसे आणायचे, हे काम इंजिनाचे. राक्षस, भिंतींवरची चित्रे, आवाज, नकाशे ही नाटकाची सामग्री. पूर्वीच्या कितीतरी गेममध्ये या दोन्ही गोष्टी कणकेत मीठ मिसळावे तशा एकजीव झालेल्या असत. इडने त्या वेगळ्या ठेवल्या. सगळी सामग्री ‘वॅड’ नावाच्या एका स्वतंत्र फाइलमध्ये गेली. ती फाइल बदलली की इंजिन तेच आणि गेम दुसरा.

हे सुचायलाही आधीची काही वर्षे जावी लागली. जॉन कार्मॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कार्मॅक ही चौकडी लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. निन्तेंदोच्या यंत्रावर मारिओ जसा सुळकन सरकत जातो, तसे दृश्य साध्या पीसीवर सरकवणे तेव्हा अवघड समजले जाई. १९९० च्या सप्टेंबरमध्ये जॉन कार्मॅकने त्यावर तोड काढली. बदललेला तेवढाच भाग पुन्हा काढायचा, बाकीचा जागीच ठेवायचा. त्याच युक्तीवर त्या वर्षअखेरीस ‘कमांडर कीन’ आला आणि १९९१ च्या फेब्रुवारीत इड सॉफ्टवेअर उभी राहिली. १९९२ च्या मे महिन्यात ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’. त्यातल्या भिंती सगळ्या एकाच उंचीच्या आणि एकमेकींशी काटकोनात. वेग मिळवण्यासाठी मोजलेली ती किंमत होती.

‘डूम’मध्ये भिंती वाकड्या झाल्या, जिने आले, कुठे छत उंच तर कुठे बुटके, कुठे अंधार तर कुठे लुकलुकणारा दिवा. आणि हे सगळे ३८६ चिपच्या, चार मेगाबाइट मेमरीच्या संगणकावर, सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रांच्या गतीने. खेळाडू कुठेही उभा असो, त्याला कोणती भिंत दिसते आणि कोणती तिच्यामागे दडते हे प्रत्येक चित्रासाठी ठरवावे लागते. नकाशात भिंती शेकडो. दर वेळी सगळ्या तपासत बसले तर तो संगणक धापा टाकू लागेल.

यावरचे उत्तर जॉन कार्मॅकने शोधून काढलेले नव्हते, वाचून काढलेले होते. १९६९ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी झालेल्या संशोधनात त्याचे मूळ आहे आणि १९८० मध्ये फुक्स, केडेम आणि नेलर यांनी ते निबंधातून नीट मांडले होते. शेताच्या वाटण्या पाहिलेल्याला ते लगेच कळेल. नकाशावर एक रेघ मारायची, जमिनीचे दोन वाटे होतात. प्रत्येक वाट्यात पुन्हा एक रेघ, पुन्हा दोन वाटे. असे करत करत प्रत्येक तुकडा इतका साधा उरतो की त्यात कुठे कोनाडा नाही, आत उभे राहिले की त्याच्या सगळ्या कडा दिसतात. कोणत्या रेघेने कोणते दोन भाग झाले, याची वंशावळ तयार होते. ही वाटणी नकाशा बनवतानाच, एकदाच, निवांतपणे करून ठेवायची. खेळताना फक्त विचारायचे, मी या रेघेच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे असलो तर आधी पलीकडचा भाग, मग अलीकडचा. काही थोड्या प्रश्नांत जवळच्यापासून लांबच्यापर्यंत भिंतींची रांग हाती येते. जवळची भिंत काढून झाली की पडद्याचे तेवढे उभे पट्टे भरले, तिच्यामागचे काहीच काढायला नको.

तेवीस वर्षांचा तरुण एका शोधनिबंधातली कल्पना उचलतो आणि ती घराघरातल्या पीसीवर आणून सोडतो, याचे आम्हाला आजही अप्रूप वाटते. अलौकिक प्रतिभेच्या दंतकथा कार्मॅकभोवती भरपूर आहेत. आम्हाला त्याच्यातला वाचक जास्त मोलाचा वाटतो. ज्यांनी तो निबंध उघडपणे छापला, त्यांचाही ‘डूम’मध्ये वाटा आहे. पुढे आपला कोड उघडा करताना आणि सॉफ्टवेअरवरच्या पेटंटांना जाहीर विरोध करताना कार्मॅक तेच ऋण फेडत होता, असे आम्ही मानतो.

‘डूम’ विकला गेला तोही दार उघडे ठेवून. तीन भागांपैकी पहिला, नऊ लेव्हलांचा भाग फुकट. कॉपी करा, मित्राला द्या, आवडला तर उरलेल्यासाठी पैसे पाठवा. १० डिसेंबरला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर तो चढवायचा ठरला, तर वाट पाहणाऱ्यांची इतकी गर्दी की खुद्द कंपनीच्याच माणसाला आत शिरायला जागा मिळेना. काही आठवड्यांतच नकाशे बनवण्याची साधने निघाली, तीही कंपनीबाहेरच्यांनी केलेली. न्यूझीलंड आणि बेल्जियमच्या मंडळींनी मिळून केलेले ‘डीईयू’ हे त्यातले पहिले नावाजलेले. खेळणारा बनवू लागला. अशा हौशी मंडळींनी केलेले नकाशे इडने विकत घेतले आणि १९९६ मध्ये ‘फायनल डूम’ म्हणून दुकानात आणले.

इंजिन भाड्यानेही गेले. रेव्हन सॉफ्टवेअरने त्यावर १९९४ मध्ये ‘हेरेटिक’ आणि पुढच्या वर्षी ‘हेक्सन’ हे जादूटोण्याच्या दुनियेतले गेम केले, त्यासाठी इंजिनात वर-खाली पाहण्याची सोय घातली. ‘स्ट्राइफ’मध्ये पात्रांशी बोलता येऊ लागले. आणि १९९६ मध्ये अमेरिकेत न्याहारीच्या चेक्स सिरियलच्या खोक्यात ‘चेक्स क्वेस्ट’ नावाची सीडी निघाली. तेच इंजिन, त्याच वाटण्या, तीच गती, पण त्यात कुणी मरत नाही. परग्रहावरच्या चिकट प्राण्यांना फक्त त्यांच्या घरी परत धाडायचे.

इथे थांबून एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. ‘डूम’ रक्तबंबाळ होता. जर्मनीने १९९४ मध्ये तो मुलांना विकण्यास मनाई असलेल्या यादीत टाकला आणि २०११ मध्ये त्यातून काढला. १९९९ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत ज्या दोन मुलांनी आपल्या सोबत्यांना गोळ्या घातल्या, ती ‘डूम’ खेळत होती. एकाने तर त्याचे नकाशेही बनवले होते. गेममुळे ते घडले असे सिद्ध झालेले नाही आणि लाखो मुले तोच गेम खेळून घरी अभ्यासाला बसली हेही खरे. तरीही आपल्या मुलाच्या पडद्यावर काय चालले आहे हे विचारणाऱ्या आईबापांना मागासलेले ठरवणे आम्हाला मान्य नाही. त्यांचा प्रश्न सामग्रीचा आहे आणि तो रास्त आहे. रक्त वॅड फाइलमध्ये असते. ती फाइल काढून खोक्यातली सीडी लावली की तेच इंजिन लहान मुलांपुढे ठेवता येते.

आता १९९७ चा डिसेंबर. इड तोवर ‘क्वेक’ आणि ‘क्वेक टू’ काढून पुढे गेली होती. जुने इंजिन कपाटात ठेवून कुलूप लावता आले असते, बहुतेक कंपन्या तेच करतात. डॉसवरच्या ‘डूम’मध्ये आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो देण्याचा इडला अधिकार नव्हता. म्हणून लिनक्सवर चालणारी आवृत्ती साफसूफ करून देण्यात आली. गंमत अशी की जे बहुतेकांकडे होते त्या डॉसवर ती चालतच नव्हती. काही आठवड्यांत लोकांनी ती डॉसवर परत नेली, आवाज स्वतःचा बसवला. मग विंडोज, मॅक आणि पुढे मोबाइल, कॅल्क्युलेटर. २०१४ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने घरगुती प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर ‘डूम’ चालवून दाखवला. प्रिंटरची सुरक्षा किती तकलादू आहे ते त्याला दाखवायचे होते आणि त्यासाठी याहून पटकन कळणारा पुरावा नव्हता.

पहिल्या परवान्यात एक उणीव होती. कोड घ्या, बदला, पण बदललेला कोड परत द्यायचे बंधन नव्हते. ‘जीएलडूम’ नावाच्या एका सुंदर आवृत्तीचा कोड तिच्या कर्त्याच्या हार्ड डिस्कसोबतच गेला. १९९९ मध्ये इडने तोच कोड जीपीएल परवान्याखाली पुन्हा दिला. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतला हा परवाना सांगतो की सुधारून वाटलेत तर सुधारणाही उघड्या ठेवा. त्यानंतरच्या आवृत्त्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या राहू शकल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मूळ कंपनीनेच ‘डूम’ नव्याने बाजारात आणला, तेव्हा चाहत्यांनी १९९८ मध्ये ‘बूम’ नावाच्या आवृत्तीत घातलेल्या सोयी त्यात अधिकृतपणे आल्या.

उघडेपणाची ही रीत इडने पुढेही पाळली. ‘क्वेक’चे इंजिन १९९९ मध्ये, ‘क्वेक थ्री’चे २००५ मध्ये. त्याआधीच पैसे मोजून घेतलेल्या ‘क्वेक’च्या कोडवर व्हॉल्व्ह कंपनीने १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ उभा केला होता. त्याच्यात हौशी मुलांनी फेरफार करून केलेला मॉड म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक’. इथे ही गोष्ट आपल्या गल्लीत येते. २००० नंतरच्या दशकात पुणे, सांगली, नाशिकच्या सायबर कॅफेंमध्ये जो वावरला त्याला वेगळे सांगायला नको. प्लायवुडचे कप्पे, स्पंज उडालेले हेडफोन, वहीत लिहिलेली आत शिरल्याची वेळ आणि पलीकडच्या कप्प्यातून अस्सल मराठीत येणाऱ्या आरोळ्या, ‘अरे बीला जा, बीला बॉम्ब लावलाय!’ परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून लॅनची केबल ओढणारी मुले मेस्किटमधल्या कोडच्या नातवंडांशी खेळत होती, आणि त्यातल्या फार थोड्यांना ते ठाऊक होते.

हे नाते किती चिवट आहे त्याचा एक पुरावा फारच लोभस आहे. ‘क्वेक’मध्ये दिवा लुकलुकवायचा तर इंग्रजी अक्षरांची एक ओळ लिहीत. ए म्हणजे काळोख, एम म्हणजे नेहमीचा उजेड, झेड म्हणजे दुप्पट. सेकंदाला दहा अक्षरे याप्रमाणे इंजिन ती ओळ वाचत जाते आणि दिवा त्या तालावर मिणमिणतो. ट्यूबलाइट फडफडल्यासारखी दिसावी म्हणून १९९६ मध्ये कुणीतरी एम आणि ए यांची पंचवीस अक्षरांची एक ओळ टाइप केली. ती ‘हाफ-लाइफ’मध्ये गेली, त्याच्या पुढच्या इंजिनात गेली आणि २०२० मध्ये आलेल्या, डोळ्यांवर यंत्र लावून खेळायच्या ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’मध्ये दिवे त्याच तालात फडफडताना लोकांनी ओळखले. मधल्या चोवीस वर्षांत बाकी सगळे बदलले, ती ओळ बदलण्याची गरज कुणाला वाटली नाही.

इडचे दार मात्र मिटले. २००९ मध्ये कंपनी झेनिमॅक्सने घेतली, २०१२ नंतर तिचे एकही नवे इंजिन खुले झाले नाही आणि २०१३ मध्ये कार्मॅक तिथून बाहेर पडला. धंद्याचा हिशेब आम्हाला कळतो, तरी याची हळहळ वाटते. आजच्या गेम बनवणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग दोन-तीन मोठ्या कंपन्यांच्या इंजिनांवर अवलंबून आहे. त्यात काय होऊ शकते ते २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिसले. युनिटीने जाहीर केले की ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल केला जाईल तितक्या वेळा शुल्क द्यावे लागेल. वर्षानुवर्षे खपून गेम केलेल्यांना भाडेकरार मध्येच बदलल्यासारखे वाटले. ओरड इतकी झाली की आधी अटी सैल झाल्या आणि वर्षभराने तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या आठवड्यांत अनेकांनी ‘गोदो’ या खुल्या इंजिनाकडे पहिल्यांदा नीट पाहिले. ते अर्जेंटिनात दोघांनी घडवले आणि २०१४ मध्ये खुले केले.

मराठी गेम हवेत असे म्हणणाऱ्यांनी इंजिनाच्या बॉनेटकडे का पाहावे, याचे कारण आपल्या बाराखडीत आहे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना संगणक आधी ‘क’ साठवतो, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी ‘क’च्या डावीकडे न्यायची असते. ही रचना न जाणणाऱ्या इंजिनात वेलांटी उजवीकडेच लोंबकळते, ‘क्ष’चे पाय मोडून ‘क’ आणि ‘ष’ वेगळे होतात, ‘सूर्य’मधला रफार आपली जागा सोडतो. बंद इंजिनात असे झाले तर तक्रार करून वाट पाहायची किंवा मजकुराची चित्रे करून चिकटवायची. गोदोमध्येही पूर्वी हेच होते. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत अशा लिप्यांची जुळणी इंजिनातच आली आणि ती कशी केली हे कुणालाही ओळ न् ओळ वाचता येते.

पुण्यात घडलेला ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये जगभर गेला. राजस्थानी वाड्यांतून आणि पहाडी चित्रशैलीतून त्याने आपले रूप घेतले होते. तो अनरियल या अमेरिकी इंजिनावर बांधला होता आणि त्यात कमीपणा काहीच नाही. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केले, आता अभ्यासक्रम निघतील, इमारतीही उभ्या राहतील. त्या वर्गांमध्ये मुलांना केवळ तयार इंजिनाची बटणे शिकवू नयेत, एक जुने इंजिन सुटे करून त्यांच्यापुढे ठेवावे, अशी आमची मागणी आहे. ‘डूम’चा कोड त्यासाठी उत्तम. तो एका सत्रात वाचून होतो, फुकट आहे आणि त्यातल्या वाटण्यांचे गणित मराठीत, खडूने, फळ्यावर समजावता येते.

त्या कोडमध्ये एक तक्ता आहे, २५६ आकड्यांचा. ‘डूम’मधले सगळे नशीब, राक्षसाचा नेम चुकणे, घाव खोल बसणे, त्या ठरलेल्या आकड्यांतून क्रमाने येते. म्हणून खेळाची नोंद ठेवताना चित्रे साठवावी लागत नाहीत. सेकंदाला ३५ वेळा खेळाडू पुढे गेला की बाजूला, किती वळला, कोणते बटण दाबले एवढेच चार बाइटमध्ये लिहायचे. मिनिटाला ८,४०० बाइट. गेम सुरू करून कळफलकाला हात न लावता बसलो की थोड्या वेळाने मूळ वॅडमध्ये ठेवलेली अशी एक नोंद आपोआप चालू होते. आजच्या लॅपटॉपवर, अनोळखी माणसांनी सांभाळलेल्या इंजिनातून, गेल्या शतकात कुणीतरी दाबलेली बटणे पुन्हा दाबली जातात. तो कोपऱ्यावर जरा थबकतो, दार उघडतो, त्याची एक गोळी हुकते. आणि तो पुढे चालू लागतो.